पोकेमॉन आता फारच सोपा झालाय असं कुणाला वाटतं का?

आळशी_स्लोपोक:
बरेच दिवस लिहायचं लिहायचं म्हणत होतो, आज मुहूर्त लागला. लेक नऊ वर्षांची आहे, दिवाळीत तिच्या मामाने दुबईहून येताना स्विच (निन्टेंडोचं गेम खेळायचं यंत्र) आणला आणि त्यासोबत पोकेमॉन स्कार्लेट हा गेम. आता घरात एवढी मोठी गोष्ट आल्यावर बाप गप्प बसेल का, मी रोज रात्री जेवणं झाली की तिच्या शेजारी बसतो आणि फुकटचे सल्ले देतो. तर परवा काय झालं, तिच्या त्या मगरीने (फ्युकोको, तिने नाव ठेवलंय भोपू) एकटीने लढाई जिंकली आणि सहाच्या सहा पोकेमॉनना एक्सपिरियन्स (ज्याने लेव्हल वाढते ते गुण) मिळाला. म्हणजे जे बॉलमध्ये झोपा काढत होते त्यांनासुद्धा!!

आमच्या वेळी मॅजिकार्पला पहिल्या नंबरावर ठेवायचं, लढाई सुरू झाली की लगेच आत घ्यायचं, दुसऱ्याने मारायचं आणि मग अर्धा वाटा त्याला. असं करत करत लेव्हल २० ला त्याचा गायराडॉस झाला की जो आनंद व्हायचा ना राव, तेवढा मला दहावीच्या निकालाला पण झाला नाही. २०१३ च्या एक्स-वाय गेमपासून हे सगळ्या टीमला वाटप सुरू झालं, पण तेव्हा निदान बंद करता यायचं. सोर्ड-शील्डपासून ती सोय पण गेली. वर कुठली मूव्ह समोरच्यावर भारी पडेल हे स्क्रीनवरच लिहून येतं. अरे मग खेळायचं काय?

माझ्या मते गोल्ड-सिल्व्हरला सिरीज संपली, फार तर एमराल्ड धरा. मतं टाका. भांडण चालेल, व्यक्तिगत होऊ नका.

निवांत_पाटील:
पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

टेक्निकल_तात्या:
स्लोपोकराव, दिवे घ्या, पण तुमच्या त्या 'आमच्या वेळी'ला फार अर्थ नाही. सगळ्या टीमला एक्सपिरियन्स वाटणारी एक्स्प ऑल ही वस्तू पहिल्याच गेममध्ये, रेड-ब्लूमध्ये, होती. पन्नास जाती पकडून दाखवल्या की प्रोफेसर ओकचा असिस्टंट देतो. तुम्ही पन्नास पकडले नसतील, तो तुमचा प्रश्न.

आणि रेड-ब्लू कठीण?? त्या गेममध्ये भोकंच भोकं होती. फोकस एनर्जी मारली की क्रिटिकल हिटची (नेहमीपेक्षा जोरात बसणाऱ्या वाराची) शक्यता वाढायच्या ऐवजी कमी व्हायची. सायकिक टाइपला आवर घालणारं कुणीच नव्हतं. कार्टूनमध्ये ॲश हाँटर हे भूत घेऊन सायकिकवाल्या सबरिनाकडे गेला, ते बघून आपण पण गेलो, आणि लिक मारल्यावर कळलं की भुताचा सायकिकवर काडीचा परिणाम होत नाही. आणि तो लान्स, एलिट फोर म्हणजे शेवटच्या चार तगड्या खेळाडूंमधला, ज्याचं नाव ऐकून आपण घाबरायचो, त्याच्या ड्रॅगनाईटसमोर एखादा विषारी पोकेमॉन उभा करून बघा. बिचारा नुसता अजिलिटी आणि बॅरियर करत बसतो. का, तर कॉम्प्युटरला एवढंच कळतं की ह्या मूव्ह सायकिक टाइपच्या आहेत आणि सायकिक विषारीवर भारी. त्या मूव्हने समोरच्याला इजाच होत नाही हे त्याच्या गावीही नाही. लेव्हल काही का असेना, हळूहळू विष देऊन मारता येतो. हा तुमचा कठीण गेम.

आळशी_स्लोपोक:
तात्या, हे आता वाचून कळतंय. तेव्हा दहा-बारा वर्षांचा होतो, कुणाला माहीत होतं.

टेक्निकल_तात्या:
मग मी तेच म्हणतोय की. गेम कठीण नव्हता, आपण लहान होतो.

गेंगरची_आत्या:
तात्या तुमचं सगळं खरं, पण गोल्डमधल्या व्हिटनीच्या मिलटँकबद्दल एक अक्षर बोलाल तर याद राखा. तिसरीच जिम (जिथल्या प्रमुखाला हरवून पुढे जायचं तो टप्पा), आणि ती गाय रोलआउट सुरू करते, दर फेरीला ताकद दुप्पट. जरा कमी झाली की मिल्क ड्रिंक पिऊन परत ठणठणीत. आपला पोकेमॉन नर असला की अट्रॅक्ट, म्हणजे तो प्रेमात पडून हातपाय गाळून बसणार. माझा भाऊ रडलाय त्या गायीपायी, खरोखर डोळ्यात पाणी. नंतर कुणीतरी सांगितलं की त्याच गावातल्या मोठ्या दुकानात एक माणूस अदलाबदलीत मचॉप देतो. ती मादी असते त्यामुळे अट्रॅक्ट चालत नाही, आणि फायटिंग असल्यामुळे गायीवर भारी. उपाय शंभर पावलांवर ठेवला होता बघा! पण सांगितला नव्हता कुणी. हेच मला आवडायचं, शोधा म्हणजे सापडेल. आताच्या गेममध्ये दर दहा पावलांवर कुणीतरी मित्र धावत येतो आणि पुढे काय करायचं ते सांगून जातो.

बिनधास्त_बल्बासॉर:
+१ आत्या. सन-मून २०१६ मध्ये आला तेव्हा पहिला तासभर मी फक्त लोकांचं बोलणं ऐकत होतो. नकाशावर झेंडा, तिथे जा, बोलणं ऐक, पुढचा झेंडा. शाळेची सहल बरी. (जिमऐवजी ठेवलेल्या ट्रायल्सची कल्पना मात्र चांगली होती, आठ जिमचं तेच तेच दळण एकदाचं थांबलं.)

कडेगावचा_कडाब्रा:
मी सहसा लिहीत नाही, नुसता वाचतो, पण ह्या विषयावर राहवलं नाही.

मी मराठी माध्यमातला. साल २००४ असेल, तालुक्याच्या गावी एक सायबर कॅफे होता, तासाला वीस रुपये, तिथल्या तीन नंबरच्या कॉम्प्युटरवर कुणीतरी एमुलेटर आणि पोकेमॉन रेड टाकून ठेवलेला. कार्टून नेटवर्कवर पोकेमॉन हिंदीत बघून बघून आम्ही आधीच येडे झालेलो, त्यात हे. मी आणि माझा चुलतभाऊ दहा-दहा रुपये काढून जायचो. इंग्रजी पाचवीपासून, त्यामुळे ए बी सी डी पलीकडे सगळा आनंद. स्क्रीनवर कुणी काही बोललं की आम्ही ए चं बटण दाबत सुटायचो, वाचायचं काय त्यात.

रॉक टनेलमध्ये अंधार असतो, तिथे फ्लॅश लागतो हे आम्हाला माहीतच नव्हतं. आम्ही ती अख्खी गुहा भिंतीला धडका मारत पार केली. धडकेचा तो 'बुप' आवाज आला की इकडे भिंत आहे, नाही आला की वाट आहे. चुलतभाऊ वहीत रेघा मारायचा. पाच दिवस गेले. खरी गंमत पुढे. सॅफ्रन शहराच्या वेशीवर चारी बाजूंनी शिपाई उभे, आत सोडत नाहीत. काहीतरी बोलतात आणि आपल्याला मागे ढकलतात. आम्हाला वाटलं लेव्हल कमी पडतीये. म्हणून महिनाभर, शब्दशः महिनाभर, आम्ही गवतात फिरून लेव्हल वाढवल्या. चारिझार्ड झाला आमचा तिथेच. वीस रुपये तासाने त्या शिपायावर किती पैसे घालवले असतील ह्याचा हिशोब आजही करत नाही मी.

शेवटी कॅफेवाल्या दादाच्या बहिणीने, ती अकरावीला होती, सहज मागून वाचलं आणि म्हणाली, अरे त्याला तहान लागलीये, पाणी मागतोय तो.

पाणी! सेलाडॉनच्या दुकानाच्या गच्चीवर मशीन आहे, तिथून बाटली आणून द्यायची, बास. हाय काय नाय काय.

त्या दिवसापासून मी शब्द वहीत लिहून घ्यायला लागलो. थर्स्टी म्हणजे तहानलेला, पॅरलाइझ्ड म्हणजे लुळा पडलेला, इफेक्टिव्ह, अव्हॉइड, फेन्ट म्हणजे बेशुद्ध पडणं. आठवीत इंग्रजीच्या बाईंनी फेन्टचा अर्थ विचारला तर अख्ख्या वर्गात माझा एकट्याचा हात वर. तर स्लोपोकदादा, गेम कठीण होता की नाही मला नाही सांगता येणार. आमच्यासाठी इंग्रजी कठीण होतं, तोच आमचा एलिट फोर.

गेंगरची_आत्या:
कडाब्राभाऊ _/\_ असे लिहीत जा हो.

निवांत_पाटील:
पॉपकॉर्न बाजूला ठेवलं. वाखूसा (वाचनखूण साठवली).

टेक्निकल_तात्या:
हा प्रतिसाद धाग्यापेक्षा भारी आहे. आणि गंमत बघा, फायररेडमध्ये (२००४ चा रिमेक) तो शिपाई पाणी नाही, चहा मागतो. सेलाडॉनच्या एका इमारतीत तळमजल्यावर म्हातारी आहे, ती देते.

कडेगावचा_कडाब्रा:
चहा असता तर आम्हाला आपोआप कळलं असतं बहुतेक. शिपाई आणि चहा.

युनोव्हाचा_वकील:
सगळे कांटो-जोहतोत, म्हणजे पहिल्या दोन पिढ्यांच्या प्रदेशांतच अडकलेत. अहो २०१० सालच्या ब्लॅक-व्हाइटबद्दल कुणी बोलणार आहे का? १५६ नवीन पोकेमॉन, आणि कथा संपेपर्यंत जुना एकही दिसत नाही, पिकाचू सुद्धा नाही. म्हणजे दहा-दहा वर्षं खेळलेला माणूस पण पहिल्या गवतात पोराइतकाच अडाणी. समोर काय आलंय, कुठल्या टाइपचं आहे, काही पत्ता नाही. स्लोपोकदादा, तुम्हाला जे हवंय ना ते तिथे होतं, आणि तेव्हा लोकांनी काय केलं? कचऱ्याच्या पिशवीचा पोकेमॉन काय, आइस्क्रीमचा पोकेमॉन काय म्हणून नाकं मुरडली. जसं काही पहिल्या पिढीत चिखलाचा गोळा आणि डोळे असलेला बॉल नव्हताच. आणि एन, त्या कथेतलं पात्र! पोकेमॉनना पकडून झुंजवणं हे बरोबर आहे का, हा प्रश्न ह्या सिरीजने स्वतःलाच एकदा विचारला, परत कधी तितक्या गांभीर्याने विचारला नाही.

कठीणपणाचं म्हणाल तर ब्लॅक २ मध्ये चॅलेंज मोड होता. फक्त तो गेम एकदा संपवल्यावर मिळायचा. आणि सोपा मोड कुठे, तर व्हाइट २ मध्ये, तो पण गेम संपवल्यावर! गेम संपवलेल्या माणसाला सोपा मोड. ह्याला काय म्हणावं, जेवण झाल्यावर पाट मांडणं.

बिनधास्त_बल्बासॉर:
पाट =)) =))

माचिदाची_मावशी:
मी तोक्योजवळ राहते, नवऱ्याच्या नोकरीमुळे. इथे माचिदा म्हणून शहर आहे, पोकेमॉनचा जनक सातोशी ताजिरी तिथलाच. लहानपणी तो तिथल्या तळ्यांवर आणि रानात किडे पकडत फिरायचा, मग तिथे इमारती झाल्या, तळी बुजली, आणि नव्या पोरांना किडे पकडायला जागाच राहिली नाही. त्यातून गेमची कल्पना आली. दोन गेमबॉय केबलने जोडलेले बघून त्याला वाटलं की ह्या वायरीतून किडा चालत इकडून तिकडे जाईल. हे ऐकून मला पोकेमॉन पहिल्यांदा कळला, तोवर मला तो पिवळा उंदीर एवढंच माहीत होतं.

माचिदाच्या बागेत पोकेमॉनची चित्रं असलेली गटाराची झाकणं बसवलीयेत, रंगीत, लोक झाकणाचे फोटो काढायला येतात. सगळ्यात पहिली झाकणं २०१८ मध्ये दक्षिणेला इबुसुकी गावात बसवली, सगळी ईवी आणि तिच्या भावंडांची. का, तर जपानीत ईवीला म्हणतात 'ईबुई', आणि 'सुकी' म्हणजे आवडते. इबुसुकी, ईबुई-सुकी. कोटी करायची संधी ही माणसं सोडत नाहीत.

आणि अजून एक, तुमचा होएन (रुबी-एमराल्डमधला प्रदेश) म्हणजे क्यूशू बेट आडवं करून ठेवलंय. नकाशा नव्वद अंशात फिरवा, दिसेल. त्यानंतरच्या पिढीतला सिनो म्हणजे होक्काइदो. कांटो तर सरळ कांटोच आहे, नाव पण बदललं नाही.

अवांतर: माझा मुलगा इथल्या शाळेत पहिलीत होता तेव्हा त्याने काताकाना लिपी पोकेमॉनच्या नावांवरूनच शिकली, सगळी नावं त्याच लिपीत असतात. तेव्हा कडाब्राभाऊंची वही वाचून हसायलाच आलं, इकडे पण तेच.

कडेगावचा_कडाब्रा:
मावशी, भारीच. केबलमधून किडा चालत जातोय हे डोळ्यासमोर आलं.

ठेचा_शहीद_झाला:
आयडीवरून ओळखलं असेलच, मी नझलॉक खेळतो, म्हणजे स्वतःच कडक नियम लावून. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: प्रत्येक भागात दिसेल तो पहिलाच पोकेमॉन पकडायचा, दुसरा नाही. आणि जो फेन्ट झाला तो मेला, परत वापरायचा नाही. आणि प्रत्येकाला नाव ठेवायचंच, हा सगळ्यात दुष्ट नियम, कारण नाव ठेवलं की जीव लागतो. मी एमराल्डमध्ये जेवणाची नावं ठेवली होती. पिठलं, भाकरी, कांदा, आणि माझा टॉर्चिक ठेचा. वॉटसनच्या जिममध्ये ठेचा गेला, एका क्रिटिकल हिटमध्ये. मी गेम बंद केला आणि खरंच गॅलरीत जाऊन उभा राहिलो थोडा वेळ. बायको म्हणाली काय झालं, मी म्हणालो ठेचा गेला, ती म्हणाली फ्रीजमध्ये आहे ना अजून.

सांगायचा मुद्दा, कठीण करायचा असेल तर गेम आपल्या हातात आहे. कंपनीने कशाला करायला पाहिजे, लहान पोरांचा गेम आहे तो.

आळशी_स्लोपोक:
ठेचाच्या आत्म्यास शांती लाभो. पण मित्रा, लोणच्याशिवाय थाळी वाढायची आणि म्हणायचं लोणचं घरून आणा, असं झालं हे.

डबल्स_सम्राट:
इथे सगळे कॉम्प्युटरशी लढण्याबद्दल बोलताहेत म्हणून लिहितो. खरा गेम माणसाशी. २०१४ च्या जागतिक स्पर्धेत, वॉशिंग्टनला, कोरियाच्या से जुन पार्कने पाचिरिसू वापरून विजेतेपद मिळवलं. पाचिरिसू म्हणजे खारूताई हो, सगळे हसायचे तिला. पण फॉलो मी करून ती शत्रूचे वार स्वतःकडे ओढून घ्यायची आणि तग धरायची, तोवर बाजूचा साथीदार काम उरकायचा. आदल्या रात्री कुणी सांगितलं असतं तर येड्यात काढला असता. तर ज्यांना सोपं वाटतंय त्यांनी रँक्ड लढाया खेळा, दुसऱ्याच दिवशी धागा संपादित कराल.

एक्स्प शेअरचं (ते सगळ्या टीमला एक्सपिरियन्सचं वाटप) म्हणाल तर आमच्यासाठी वरदान आहे. पूर्वी एक टीम तयार करायला पंधरा दिवस अंडी उबवत सायकलवर फेऱ्या माराव्या लागायच्या. नोकरी करणाऱ्या माणसाला कुठे जमतंय.

टेक्निकल_तात्या:
बरं आता मी नव्यांवर पण तोफ डागतो, नाहीतर म्हणाल तात्या कंपनीचा माणूस. २०१९ ला गेमचा निर्माता मासुदाने सांगितलं की जुने सगळे पोकेमॉन सोर्ड-शील्डमध्ये आणता येणार नाहीत, तेव्हा जो गदारोळ झाला तो मला पटतो. 'सगळे पकडा' म्हणून वीस वर्षं पोरांना नादी लावलं ना तुम्हीच. लोक २००२ च्या रुबीपासूनचे पोकेमॉन एका गेममधून दुसऱ्यात नेत आलेले, आणि अचानक फाटक बंद. कारण सांगितलं ॲनिमेशनचा दर्जा. मग २०२२ ला स्कार्लेट-व्हायोलेट आला, पहिल्या तीन दिवसांत एक कोटी प्रती गेल्या, आणि दर्जा काय, तर लांबचा माणूस चित्रकथीतल्या बाहुलीसारखा टकटक चालतोय, पात्र जमिनीतून खाली पडतंय. नंतरच्या अपडेटसोबत त्यांनी दिलगिरी पण व्यक्त केली. २०२५ मध्ये स्विच २ आल्यावर कुठे तो लोण्यासारखा चालायला लागला.

आणि तरीही, स्लोपोकराव, स्कार्लेट सोपा नाही. पूर्ण मैदान मोकळं आहे पण जिमच्या लेव्हल आपल्याप्रमाणे बदलत नाहीत. चुकून बर्फाच्या डोंगरावर गेलात तर मार खाऊनच परत याल. लेकीला विचारा.

आळशी_स्लोपोक:
विचारलं. गेलेली म्हणे, तिसऱ्याच दिवशी. सगळे सहा झोपले. मी तेव्हा ऑफिसात होतो म्हणून मला माहीत नाही. वर म्हणाली, बाबा मी मग परत नाही गेले, आधी दुसरीकडे मोठी झाले. _/\_

गेंगरची_आत्या:
घ्या. कशाला हवेत सल्ले.

हिसुईकर:
लेजंड्स आर्सियस हा गेम (जानेवारी २०२२) कुणीच काढला नाही म्हणून. तिथे पोकेमॉन डायरेक्ट आपल्या अंगावर येतो, पोकेमॉनच्या नाही, आपल्या! झुडपात लपायचं, वाकून मागून बॉल मारायचा. आणि शेवटी व्होलो, कथेतला खलनायक. त्याचे सहा पोकेमॉन हरवलेत, हुश्श केलंय, आणि तो गिरातिना नावाचा महाबली पोकेमॉन काढतो. तो पण पाडला, तर तोच गिरातिना दुसऱ्या रूपात परत उठतो. मधे औषधपाणी करायला उसंत नाही. मी चार वेळा हरलो. चित्रं भिकार आहेत, मान्य, झाडं तर पुठ्ठ्याची वाटतात, पण एवढं मनापासून मी दहा वर्षांत खेळलो नव्हतो. २०२५ च्या ऑक्टोबरात आलेला लेजंड्स झेड-ए पण ठीक आहे, लढाई रिअल टाइम आहे, पण अख्खा गेम एकाच शहरात, दोन आठवड्यांनी गच्च्यांचा कंटाळा येतो.

साधी_काकू:
माझा मुलगा २०१६ ला पोकेमॉन गो ह्या फोनवरच्या गेमच्या नादात पर्वतीच्या पायऱ्या दिवसातून दोनदा चढायचा, एरवी दूध आणायला खाली जायचा नाही. तेव्हा भारतात तो यायचा होता तरी कुठून कुठून डाउनलोड केला होता. देवळादेवळात ती पोकेस्टॉप की काय असायची. देवळात अंडी दिसतात म्हणून गुजरातेत लोक हायकोर्टात पण गेले होते, पेपरात वाचल्याचं आठवतंय. बाकी धागा वाचून काही कळलं नाही पण मजा आली.

बिनधास्त_बल्बासॉर:
काकू, तुम्हाला सगळ्यात जास्त कळलंय.

आळशी_स्लोपोक:
अपडेट देतो. कडाब्राभाऊंचा प्रतिसाद वाचून मी लेकीला जुन्या फोनवर फायररेड लावून दिला. म्हटलं बघू आता. आठ दिवसांत सॅफ्रनच्या वेशीवर. मी शेजारी श्वास रोखून. शिपायाने अडवलं, तिने वाचलं, माझ्याकडे बघून म्हणाली, बाबा ह्याला तहान लागलीये. आणि मागे फिरली. म्हातारीचा चहा तिने आधीच घेऊन ठेवला होता, दिसेल त्या माणसाशी बोलते म्हणून! फक्त बॅगेत आहे हे विसरली होती. एकूण वेळ सहा मिनिटं.

कडेगावचा_कडाब्रा:
एक महिना विरुद्ध सहा मिनिटं. चुलतभावाला फॉरवर्ड करतो.

आळशी_स्लोपोक:
थांबा, पुढे ऐका. काल विचारते, बाबा माझा कडाब्रा ४१ लेव्हलचा झाला तरी बदलत का नाही. मी सांगितलं, तो दुसऱ्या माणसाला द्यावा लागतो, मग त्याचा अलाकझॅम होतो. तर म्हणते, मग तुझा झाला होता का. काय सांगणार, मी पण कॅफेतच खेळायचो, तिथे दोन गेम जोडायची केबल कुठली. माझा कधीच झाला नाही. आणि नंतर तो कॉम्प्युटरच फॉरमॅट मारला कुणीतरी.

गेंगरची_आत्या:
तुम्ही पुण्यातच ना? माझ्याकडे दोन गेमबॉय ॲडव्हान्स एसपी आहेत, एक माझा एक भावाचा, फायररेड आणि लीफग्रीन दोन्ही खऱ्या कार्ट्रिज, आणि केबल पण आहे, गेल्याच दिवाळीत माळ्यावर सापडली. दोन्ही चालतात, चार्ज करून बघितले. फोनवरचा नाही येणार इकडे, पण लेकीला एक एसपी घेऊन जा म्हणावं, नव्याने खेळू दे. कडाब्रापर्यंत पोचली की या दोघं, मी लीफग्रीन घेऊन बसते.

आळशी_स्लोपोक:
आत्या, नक्की? पोर आहे, पडेल हातातून.

गेंगरची_आत्या:
माझ्या भावाने तो दोनदा विहिरीच्या कठड्यावरून पाडलाय, काही होत नाही त्याला. रविवारी चार नंतर या. कडाब्राला नाव ठेवलंय का तिने? अदलाबदलीनंतर नाव तेच राहतं, सांगून ठेवा.

आळशी_स्लोपोक:
ठेवलंय. 'आजी'. हातात कायम चमचा असतो म्हणून.